व्हॅन वळणापलीकडे गेल्यावर

(ठिपके: सगळे वर, जंगलात. हंगामाला अजून अवकाश आहे.)

शिकारीच्या हंगामाच्या पहिल्या सकाळी अध्यक्ष घराबाहेर पडायचे, तो एक सोहळाच असायचा. नारिंगी जाकीट, नारिंगी टोपी, गळ्यात दुर्बीण, खांद्यावर बंदूक, काखेत थर्मास. चेहऱ्यावर भाव असा की जंगल त्यांच्या नावावरच आहे, कागदपत्रं तेवढी व्हायची राहिलीत. मग व्हॅन. तिचा सायलेन्सर फाटून जमाना झाला होता. किल्ली फिरवली की ती आधी खोकायची, मग खाकरायची, आणि मग सगळ्या गल्लीला उठवून वळणापलीकडे दिसेनाशी व्हायची. "इंजिन ठणठणीत आहे," असं अध्यक्ष म्हणायचे. इंजिन होतंही ठणठणीत. शेजाऱ्यांचे कान तेवढे राहिले नव्हते.

संध्याकाळी ते परत यायचे ते रिकाम्या हाताने. एक हंगाम असा गेला, दुसरा गेला, मग लोकांनी मोजायचं सोडून दिलं. आता अध्यक्ष कसले, तर गावच्या शिकार मंडळाचे. म्हणजे पोहायला शिकवणाऱ्याने पाण्याला भ्यावं तसं झालं.

त्यांची मुलगी वनखात्यात होती. टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर खात्याची एक खोली होती, तिथे रबराच्या वासात ती दिवसभर एका पडद्यापुढे बसायची. मागच्या थंडीत तिने आणि खात्याच्या माणसांनी काही हरिणींच्या गळ्यात रेडिओचे पट्टे बांधले होते. एक पट्टा म्हणजे नकाशावर एक ठिपका. ठिपका पंधरा मिनिटांनी एकदा हलायचा. मधल्या वेळात हरिणीने काय केलं ते तिचं तिलाच ठाऊक. म्हणून मामा, म्हणजे तिच्या आईचा भाऊ, तिला ठिपकी म्हणायचा, आणि हळूहळू बाबा सोडून सगळेच म्हणायला लागले.

खात्याचा नियम कडक होता. हंगाम चालू असताना हरीण कुठे आहे ते कुठल्याही शिकाऱ्याला सांगायचं नाही. बापाला तर नाहीच नाही. बापानेही कधी विचारलं नाही, तेवढा मानी माणूस. फक्त जेवताना,

"आज वारा कुठून येतोय म्हणे?"

"खिडकीतून, बाबा."

"नाही, वर. वर कुठून असेल?"

"भाजी घ्या."

(ठिपके: हे काय?)

हंगामाच्या पहिल्या सकाळी ठिपकीने संगणक लावला आणि तिला वाटलं, नकाशा घसरला. असं होतं कधीकधी. नकाशा एकीकडे, ठिपके भलतीकडे, हरणं तळ्यात उभी. तिने नकाशा बंद करून पुन्हा उघडला. ठिपके हलले नाहीत. तिने चहा केला, प्यायली, कप धुतला, आणि पुन्हा पाहिलं.

जंगलात एकही ठिपका नव्हता. काही गावाच्या कडेच्या कुंपणांमागे होते, दोन दंतवैद्याच्या घरामागे, आणि बाकीचे सगळे, एकाला एक चिकटून, एका लाल छपराच्या घराच्या परसात. त्या छपराखाली ती लहानाची मोठी झाली होती.

तिने आईला फोन लावला.

"आई, जरा मागच्या खिडकीतून बघ."

"काय बघू?"

"काही दिसतंय का?"

"सफरचंदाचं झाड दिसतंय. शेड दिसतेय. हरणं."

"हरणं."

"अगं, दरवर्षीचीच आहेत. हंगाम लागला की येतात. व्हॅन वळणापलीकडे गेली की कुंपणावरून उडी मारतात, खाली पडलेली सफरचंदं खातात, दुपारी शेडच्या सावलीत बसतात. माझं झाडायचं काम वाचतं."

ठिपकीने पडद्यावरचे ठिपके पुन्हा मोजले.

"किती वर्षं?"

"व्हॅनचा सायलेन्सर फाटला तेव्हापासून असेल."

"बाबांना सांगितलं नाहीस?"

"त्यांनी विचारलं का कधी?" आईने भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. "येतात दमून, बूट काढतात, आणि जंगल कसं ओस पडलं ते मला ऐकवतात. त्यात मी मध्ये काय बोलू? आणि सांगून उपयोग काय, घरांच्या इतक्या जवळ बंदूक चालवायला बंदी आहे. नुसता जीव जळायचा माणसाचा."

(ठिपके: तिथेच. रवंथ.)

मामा खाटीक होता. मंडळाने मारून आणलेलं हरीण तोच कापून द्यायचा, म्हणून हंगामात त्याच्या दुकानात बंदूकवाल्यांचा अड्डा असायचा. यंदा मांस टांगायचे आकडे रिकामे होते. ठिपकी खिमा घ्यायला गेली तेव्हा दंतवैद्य आणि टायरवाला काउंटरला टेकून उभे होते, दोघंही नारिंगी, दोघंही सुतकी.

"जंगल संपलं," दंतवैद्य म्हणाला.

"पट्ट्यांमुळे," टायरवाला ठिपकीकडे न बघता म्हणाला. "त्या पट्ट्यांतून बारीक आवाज येत असणार. आपल्याला ऐकू येत नाही, त्यांना येतो."

"तुला तर बायकोचाही ऐकू येत नाही," मामा म्हणाला. "आणि हरणं तर पट्ट्यांच्या आधीपासूनच मिळत नाहीयेत. माझ्याकडे येतात ती कोणती, सांगू? रस्त्यात उभं राहून 'बघू तरी कोण आलंय' म्हणणारी. शहाणं हरीण या आकड्यावर मी बघितलेलंच नाही."

"म्हणजे शहाणी उरलीच नाहीत."

"म्हणजे शहाणीच उरलीत, गाढवा."

टायरवाल्याने ते कानाआड केलं. रविवारी मंडळाची सभा होती आणि ठराव तयार होता: मंडळाच्या लोकांच्या जमिनीवरच्या हरणांचे पट्टे काढून टाकावेत. जंगल जवळजवळ सगळं मंडळाच्याच लोकांच्या मालकीचं. ठराव झाला की ठिपके जाणार, ठिपके गेले की टायरच्या दुकानावरची खोली जाणार, आणि खोलीबरोबर ठिपकी.

"ठराव मांडणार कोण?" तिने विचारलं, जरी तिला माहीत होतं.

"अध्यक्ष," दोघं एकदम म्हणाले.

मामाने खिमा बांधला आणि पुडी तिच्या हातात देताना हळूच म्हणाला, "दाजींशी बोल."

ती बोलली. म्हणजे बोलायला गेली.

"सभेत मी तुझा बाप नाही," अध्यक्ष म्हणाले.

"मग कोण?"

"अध्यक्ष."

"आणि आत्ता?"

"आत्ता जेवतोय."

(ठिपके: मागे, मागे, आणखी मागे.)

ठिपकीने नकाशा उलटा चालवला. हे तिला फार आवडायचं. हरणं पाठमोरी चालत डोंगर चढायची, सफरचंदं तोंडातून बाहेर काढून गवतावर ठेवायची, निदान तिला तसं दिसायचं.

उलट जाता जाता ती हंगामाच्या आदल्या दिवसावर, रविवारवर, येऊन थांबली. त्या सकाळपर्यंत सगळे ठिपके डोंगरावर सुखात होते. दुपारी ते खाली निघाले. हंगाम तर लागलाच नव्हता. मग त्या रविवारी असं काय झालं?

झालं हे, की मंडळ नेम तपासायला गेलं होतं. दरवर्षी, हंगामाच्या आधीच्या रविवारी, सगळे शिकारी जंगलाच्या तोंडाशी असलेल्या मोकळ्या मैदानावर जमायचे, पुठ्ठ्यावर हरणाचं चित्र लावायचे आणि दुपारभर ठो ठो करायचे. पहिली गोळी नेहमी अध्यक्षांची. वर त्यांचा दिमाख असा, की आम्ही तयारीशिवाय जंगलात पाऊल टाकत नाही. म्हणजे दरवर्षी, न चुकता, मंडळ सगळ्या हरणांना सांगून यायचं की आम्ही उद्या येतोय, तुमचं काय ते बघून घ्या.

ठिपकी इतकी हसली की खालून टायरवाल्याने छताला काठी आपटली.

मग तिला वाटलं, फाटक्या कानाची जुनी हरिणी हे पोरांना कसं शिकवत असेल. असंच काहीसं:

पुठ्ठ्याला गोळ्या घालायला लागले की निघायचं. घाई नाही, पण चर्चाही नाही. पळायचं नसतं रे, पळणारं दिसतं. माणूस जवळ आला तर बसून राहा, तो तुझ्यावरून पाय टाकून जाईल आणि घरी जाऊन जंगल ओस पडलंय म्हणेल. तुझा मोठा भाऊ फार धीट होता, छाती काढून उभा राहायचा. त्याचं आता काय झालंय ते त्या आकडेवाल्या माणसाला विचार. त्यांचं काय आहे, ते आपल्यातले धीट वेचून नेतात आणि भित्रे आपल्याला ठेवतात, म्हणून दरवर्षी आपण आणखी भित्रे, आणखी चांगले होतो. गेलेल्यांचा चारा आपल्या वाट्याला येतो. म्हणून तर तुम्ही दोघं झालात एका वेळी, जास्त लाडात येऊ नका. आणि सगळ्यात सुरक्षित जागा कुठली, तर जो सगळ्यात मोठ्या आवाजात घराबाहेर जातो त्याचं घर.

ठिपका हलला. सफरचंदाच्या झाडाखालून शेडकडे.

(ठिपके: कुंपणाच्या पलीकडे, थांबलेले.)

बुधवारी अध्यक्षांना सर्दी झाली. नाक लाल, आवाज घोगरा, बाहेर जायची सोय नाही. ठिपकीने खात्यात वरच्या साहेबांना फोन करून नियम विचारला. साहेबांनी विचार केला आणि म्हणाले, जिथे बंदूक चालवताच येत नाही तिथली जागा सांगितली तर कुणाचं काही बिघडत नाही. जंगलातली मात्र सांगू नकोस. ती तडक घरी गेली.

"बाबा, मागच्या खिडकीपाशी या."

"कशाला?"

"तुमची हरणं दाखवते."

अध्यक्ष पायजम्यात, खांद्यावर पांघरूण घेऊन खिडकीपाशी येऊन बसले. आईने त्यांच्या हातात चहा दिला. तिघं परसाकडे बघत बसले. झाड होतं. शेड होती. खाली पडलेली सफरचंदं होती. एक कावळा आला, त्याने सफरचंदावर टोच मारली, आणि त्यालाही काही दम वाटला नाही.

"छान," अध्यक्ष म्हणाले. "हे तुझं खातं. यासाठी सरकार पगार देतं."

"बाबा, पट्टे सांगतायत, ती पलीकडच्या झुडपांत आहेत. तिथून हलत नाहीयेत."

"हलणार कशी? नाहीतच." त्यांना शिंक आली. "मला वाटलं होतं, निदान तू तरी रविवारी काहीतरी खरं आणशील. मी सगळ्यांपुढे तुझ्याविरुद्ध बोलायचं, ते मला सोपं जाणार आहे असं वाटतं का तुला?"

हे ते रुमालाच्या आडून म्हणाले.

आईने ओट्यावरचं फडकं पिळलं, दोरीवर टाकलं, आणि खुंटीवरचं नारिंगी जाकीट काढून अंगात घातलं.

"हे काय?" अध्यक्ष म्हणाले.

"गाडी गेल्याशिवाय येत नाहीत ती." टोपी घातली. कानावरून खाली ओढली. "किल्ली कुठेय?"

"अगं, तुला तिचा दुसरा गिअर पडत नाही."

"मग पहिल्यातच जाईन."

व्हॅन खोकली, खाकरली, गिअरसाठी किंचाळली आणि निघाली. आवाज लांब जात राहिला. वळण. मग नाही.

अध्यक्षांनी कप तोंडाशी नेला होता. तो तिथेच राहिला.

कुंपणावरून पहिली आली ती अलगद, कुणीतरी शाल खांद्यावर टाकावी तशी. मग दुसरी. मग पाडसं. बघता बघता परस भरला, आणि सफरचंदं चावल्याचा आवाज काचेतून आत येऊ लागला. सर्वांत शेवटी आली एक जुनी हरिणी, गळ्यात पट्टा, मागे दोन पाडसं, आणि डावा कान टोकाशी फाटलेला.

त्या कानाची गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती. अध्यक्षांची एक गोळी कधीकाळी त्या कानातून गेली होती, आणि तेव्हापासून मंडळाच्या प्रत्येक जेवणात ते सांगायचे की ती हरिणी घोड्याएवढी होती आणि त्याच दिवशी डोंगरापलीकडे निघून गेली. डोंगरापलीकडली हरिणी चार पावलांवर सफरचंद खात होती. घोड्याएवढी नव्हती. शेळीपेक्षा मोठी, एवढंच म्हणता आलं असतं.

अध्यक्ष शिंकणार होते. त्यांनी नाक दाबून ती शिंक गिळली. डोळ्यांतून पाणी आलं, पण गिळली.

बऱ्याच वेळाने फोन वाजला. पलीकडून व्हॅनचा घरघराट आणि आईचा आवाज.

"अहो, येऊ का आता परत? दंतवैद्य रस्त्यात भेटले, त्यांनी हात केला. मला तुम्हीच समजले."

अध्यक्षांनी तोंडावर हात ठेवून कुजबुजत सांगितलं, "अजून जरा फिरून ये."

(ठिपके: सभेच्या खोलीतल्या भिंतीवर, मोठे करून दाखवलेले.)

मंडळाच्या खोलीत भिंतीभर शिंगं होती आणि शिंगांवर लोकांनी टोप्या अडकवल्या होत्या. ठिपकीने एका मोकळ्या भिंतीवर नकाशा टाकला. तिने रात्र जागून काही केलं नव्हतं. फक्त नकाशावरची घरं पुसली होती, की कुणाचा परस ते कळू नये. आधी तिने नेम तपासायचा रविवार दाखवला. ठिपके डोंगरावर. ठो. ठिपके खाली. लोक खुर्च्यांत चुळबुळले. मग तिने हंगामाची पहिली सकाळ दाखवली.

"म्हणजे सगळी गावातच आहेत?" टायरवाला म्हणाला.

"हो."

"एवढी एका जागी? कुणाकडे?"

"एका परसात."

"कुणाच्या?"

ठिपकीने पाण्याचा ग्लास उचलला. त्यात पाणी नव्हतं, तरी ती प्यायली. बापाची लाज आणि आपली नोकरी, दोन्ही एका ठिपक्यात मावतात हे तिला आजपर्यंत माहीत नव्हतं. ती सांगणार नव्हती. खोली कुजबुजायला लागली, बनावट आहे, कुणाचा परस ते सांगता येत नाही म्हणजे आहेच बनावट, घ्या ठराव.

पुढच्या रांगेत अध्यक्षांच्या हातात ठरावाचा कागद होता. त्यांनी तो उलगडला, पाहिला, त्यात नाक शिंकरलं आणि उभे राहिले.

"माझ्या," ते म्हणाले.

"काय तुमच्या?"

"परसात. सफरचंदाच्या झाडाखाली. मी जंगलात तुमच्याबरोबर काट्यांत बसतो, तेव्हा ती माझ्या घरी जेवतात. फाटक्या कानाचीही आहे. मी सांगायचो ना, डोंगरापलीकडे गेली? शेडपलीकडे गेली होती."

मग मामा हसला. तो मंडळाचा नव्हता, फक्त सँडविचं घेऊन आला होता, पण सुरुवात त्याने केली, आणि मग सगळी खोली फुटली. टायरवाला खुर्चीवरून घसरला. दंतवैद्य इतका हसला की त्याचे दात सगळ्यांना पहिल्यांदाच नीट दिसले. अध्यक्ष उभेच होते. कान लाल, पण उभे. ठिपकीला वाटलं, नारिंगी जाकिटात नसूनही ते आज लांबून दिसतील.

हसू ओसरलं तेव्हा ते म्हणाले, "डॉक्टर, ते दोन ठिपके वेगळे आहेत ना, कोपऱ्यात? तळ्याच्या वळणावर कुणाचं घर आहे?"

दंतवैद्याचं तोंड मिटलं.

मग खुर्च्या सरकल्या. एकेक जण भिंतीशी गेला, बोटाने रस्ता शोधू लागला, पुसलेली घरं मनातल्या मनात परत बसवू लागला. कुणी तरी हळूच म्हणालं, "माझी बायको म्हणाली होती, गुलाब कोण खातंय."

ठराव झाला नाही. पट्टे राहिले. त्याऐवजी दुसरा ठराव झाला, की पुढच्या वर्षीपासून नेम गुपचूप तपासायचा. बंदुकीचा आवाज गुपचूप कसा काढायचा, ते पुढच्या सभेवर टाकलं.

(ठिपके: )

सोमवारी सकाळी गावातून एकही गाडी जंगलाकडे गेली नाही. मंडळाचा एकूण एक माणूस आपापल्या स्वयंपाकघरात, मागच्या खिडकीच्या काचेला नाक लावून बसला होता. बायकांना गाडी घेऊन जायला सांगून झालं होतं, आणि बायकांनी एकमुखाने नकार दिला होता.

ठिपकीने पडदा लावला. परसांत काही नव्हतं. कुंपणांमागे काही नव्हतं. ठिपके वर होते, डोंगरावर, ऐन उन्हात, भर उतारावर विखुरलेले. जंगलात माणूस नव्हता. मग लपायचं कुणापासून?

फोन वाजला.

"ठिपके," अध्यक्ष म्हणाले. ते तिला या नावाने पहिल्यांदाच हाक मारत होते. "इथे काही नाही गं. डॉक्टरकडे नाही, टायरवाल्याकडे नाही. सगळे मलाच फोन करतायत. कुठे गेली?"

"सांगता येत नाही, बाबा. हंगाम चालू आहे."

त्यांच्या घशातून एक आवाज आला, सर्दीचा की हसण्याचा ते कळलं नाही. "म्हणजे वर गेली."

"भाजी घ्या."

फोन ठेवला गेला. थोड्या वेळाने खिडकीतून तो आवाज आला. आधी खोकला, मग खाकरणं. सगळा गाव ओलांडून व्हॅन निघाली. तिने घरी फोन लावला.

"आई, बाबा बंदूक घेऊन गेले?"

"नाही. बंदूक खुंटीला आहे. नुसते फिरून येतो म्हणाले. सफरचंदं मात्र गोळा करू नकोस, असं दोनदा सांगून गेले."

व्हॅन लांब गेली. वळण. मग नाही. ठिपकीने खुर्ची पडद्याजवळ ओढली आणि वाट बघत बसली. ठिपके हलायला अजून थोडा वेळ होता. खाली दुकानात परतलेला टायरवाला काहीतरी ठोकत होता, मग ठोकायचा थांबला.

फाटक्या कानाचा ठिपका हलला. उताराच्या खाली, कुंपणाच्या दिशेने, एक बोटभर.